अण्णांस, आलेख कागदाबद्दल

आदरणीय अण्णा,

सोलापूरच्या पूर्व भागात जॅकार्डसाठी, म्हणजे भोकांच्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागासाठी, नक्षी काढण्यात तुमची हयात गेली. ती विद्या तुम्ही शाळेच्या चित्रकलेच्या तासाला मोकळ्या हाताने दिलीत, म्हणून आम्हा कलाशिक्षकांचे हे जाहीर आभार.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या संकल्पचित्रात बरीच मुले पाठ केलेली पाने-फुले भरून मोकळी होतात. (दहावीचे वाढीव गुण मिळाले की पालकही खूश.) तुम्ही पेन्सिलीआधी नियम दिलेत: आलेख कागदाचा उभा रकाना म्हणजे ताण्याचा (कापडातला उभा) एक धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याचा (आडवा) एक, आणि रंगवलेल्या घरात ताणा वर. मग वीस घरे रुंद, वीस घरे उंच असा गोल काढायला लावलात. इंचात ताण्याचे ४० आणि बाण्याचे २० धागे बसत असतील, तर तो गोल कापडावर अर्धा इंच रुंद आणि एक इंच उंच येतो, म्हणजे उभे अंडे! इंचभर गोल हवा तर ४० घरे रुंद आणि २० घरे उंच. गुणोत्तर कशाला शिकायचे, हे मग कोणी विचारले नाही.

दुसरी गोष्ट सलग नक्षीची. बुट्टी मधोमध सुरेख दिसते, पण शेजारी तीच पुन्हा मांडली की सांध्यावर वेल तुटते. त्यावर तुमचा उपाय: कागदाचे मधोमध उभे-आडवे कापून चार तुकडे करायचे, तिरपे समोरासमोरचे तुकडे अदलाबदल करून चिकटवायचे. कडा मधे येतात आणि तुटलेली रेघ तिथेच जुळवता येते. आमच्या मते अख्ख्या वर्षाच्या नक्षीकामात याहून कामाचा धडा नाही.

नक्षीतले मोठे पान आलेखावर सरसकट रंगवले तर धागा लांबवर मोकळा लोंबतो आणि बांगडीत अडकतो. म्हणून प्रत्येक ओळीत दर पाचवे घर कोरे ठेवायचे, पुढच्या ओळीत ते दोन घरे सरकवायचे. एकेकच घर सरकवले तर तिरप्या रेघा उमटतात आणि पान पट्टेरी दिसते. मुलांना हे सांगून पटत नाही, दोन्ही प्रकार शेजारी काढून दाखवावे लागतात. तुमचे नमुने म्हणूनच वर्गात टांगले आहेत.

आता एक मागणे. जॅकार्डची जुनी, बाद झालेली पंच कार्डे (भोके पाडलेली कार्डे) असतील तर पाठवा. एका कार्डावर बाण्याची एक ओळ असते. ती उजेडात धरून भोके आलेखावर उतरवायची, असा उलटा अभ्यास सातवीला द्यायचा आहे. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आटोपली की तुमच्या सोयीने तास ठरवू.

आपले,
कलाशिक्षक