जुन्या गोव्यातल्या त्या काकांना

सप्रेम नमस्कार काका,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहिते आहे. से कॅथेड्रलमध्ये अमळनेरच्या एका म्हाताऱ्या गवंड्याबरोबर तुम्ही जी दुपार घालवलीत, ती आठवली की अजून डोळे भरून येतात.

आमच्या आबांची उभी हयात करणी-ओळंब्यात गेली. गावोगावची धाब्याची किती घरं त्यांच्या हातची, ते त्यांनाही सांगता येणार नाही. आता मानेचे मणके झिजलेत, वर बघवत नाही. दोन वर्षांपूर्वी सहलीच्या बसने आम्ही याच दारात आलो होतो. "मोठं चर्च आहे, फोटो काढा, वीस मिनिटं," एवढं बोलून गाईड मोकळा! आबांनी भिंतीच्या जाडीचं विचारलं, तर "बाबा, बस सुटेल" म्हणत त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. परतीच्या वाटेवर आबा अवाक्षर बोलले नाहीत. त्या गाईडला मी अजून माफ केलेलं नाही.

तुम्ही मात्र झाडू भिंतीला टेकवून विचारलंत, "बांधकामातले का तुम्ही?" तेवढ्यानेच आबांचा चेहरा खुलला.

मग काय, दोघांचं सुरूच! काम १५६२ साली सुरू होऊन १६१९ साली पुरं झालं म्हटल्यावर आबा हळहळले, "म्हणजे पाया भरणाऱ्याच्या नशिबी छप्पर नव्हतं." बाहेर नेऊन तुम्ही उजवीकडची रिकामी जागा दाखवलीत. तिथला मनोरा १७७६ मध्ये कोसळला तो पुन्हा उभा राहिलाच नाही. सुवर्णघंटा आहे ती उरलेल्या मनोऱ्यात. रस्त्यापलीकडच्या बॉम जेझस चर्चच्या उघड्या भिंतीवर आबांचा हात टेकवलात आणि जांभा पावसाचं पाणी कसं पितो, त्याला चुन्याचा गिलावा का लागतो, ते सांगितलंत. "भाऊ, भीत केवढी जाड शे!" आबा अहिराणीत, तुम्ही कोकणीत, आणि दोघांचं कुठे अडलं म्हणून नाही.

पण माझ्या मनातून जात नाही ती पुढची गोष्ट. आत आल्यावर आबा छत बघायला गेले आणि मानेत कळ आली. तुम्ही स्टूल आणून त्यांना बसवलंत. मागे उभे राहिलात, धुळीचा हात आधी शर्टाला पुसलात आणि तळवा त्यांच्या डोक्याखाली धरून मान अगदी हळू मागे नेलीत. न्हाणीत तान्ह्या बाळाचं डोकं धरतात तसं. आबांनी ती गोलाकार कमान या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. मग वेदीमागचं सोनेरी कोरीवकाम, त्यातले संत कॅथरीनचे प्रसंग. तुमचा हात थरथरायला लागला होता, मला दिसत होतं. आबा "बस" म्हणेपर्यंत तुम्ही तो काढला नाहीत.

आम्ही माळकरी, तुम्ही क्रूसापुढे गुडघे टेकणारे. कोण कुठले आम्ही! पैसे मोजून जे मिळालं नव्हतं, ते तुम्ही न मागता दिलंत. अशी माणसं आहेत म्हणून म्हाताऱ्या आईबापांना घेऊन घराबाहेर पडायचा धीर होतो.

हिवाळ्यात आमच्याकडे या. शेतातल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी करीन. आबांना तुमच्याशी चुन्याबद्दल अजून बोलायचंय. त्या काळी तो किती दिवस भिजवत असतील, यावर ते रोज नवा हिशेब मांडतात.

तुमची,
आबांची लेक