हिवाळ्यातील पालेभाजी उन्हाळ्यासाठी गोठवताना

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मार्गशीर्ष-पौषात मराठवाड्यातील आठवडी बाजारांत मेथी, पालक, शेपू, चुका यांचे ढीग लागतात आणि दिवस कलला की उरलेल्या जुड्या विक्रेत्यांना मिळेल त्या भावात द्याव्या लागतात. वैशाखात मात्र त्याच बाजारात पालेभाजी मिळणे अवघड होते, आणि मिळालीच तर ती महाग व उन्हाने कोमेजलेली असते. हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून वाळवून ठेवण्याची आपली जुनी रीत याच अडचणीवरचा उपाय आहे. आता अनेक घरांत फ्रीज असल्याने पालेभाजी गोठवूनही ठेवली जाते. परंतु बहुतेक ठिकाणी ती धुऊन, चिरून कच्चीच पिशवीत कोंबली जाते आणि दोन-तीन महिन्यांनी तिला वाळल्या गवतासारखा वास आला की दोष फ्रीजला दिला जातो. याविषयी आपल्या वाचकांपुढे काही माहिती ठेवावी, म्हणून हे पत्र.

भाजी खुडल्यानंतरही पानांतील विकरे (एन्झाइम), म्हणजे पानांत रासायनिक बदल घडवणारी द्रव्ये, काम करीत राहतात. थंडीने त्यांची गती मंदावते, ती पूर्णपणे थांबत नाही. गोठलेल्या कच्च्या पानांचा रंग, चव आणि जीवनसत्त्वे हळूहळू कमी होतात ती यामुळेच. ही विकरे निकामी करण्यासाठी पाने गोठवण्यापूर्वी उकळत्या पाण्यातून काढणे, म्हणजेच ब्लांचिंग करणे, आवश्यक असते. पालक, मेथी, तांदुळजा यांसारख्या कोवळ्या भाज्यांना दोन मिनिटे पुरतात, जाड पानांना तीन लागतात. पाणी भरपूर हवे, साधारण अर्धा किलो पानांना सात-आठ लिटर, कारण थोड्या पाण्यात पाने टाकताच उकळी बसते आणि भाजी नुसतीच शिजत राहते. चाळणीत ठेवून वाफ देण्याचा सोपा वाटणारा मार्ग पालेभाजीला चालत नाही. पाने एकमेकांना चिकटतात आणि आतल्या पानांपर्यंत वाफ पोचत नाही. हिरवा रंग टिकावा म्हणून पाण्यात सोडा घालण्याचा मोहही टाळावा, कारण त्याने जीवनसत्त्वांची हानी होते.

पाने उकळत्या पाण्यातून काढताच बर्फ घातलेल्या पाण्यात तेवढाच वेळ बुडवावीत, नाहीतर ती आतल्या उष्णतेने शिजतच राहतात. म्हणून बर्फ आदल्या दिवशीच करून ठेवलेला बरा. नंतर पाणी नीट निथळून, हलक्या हाताने दाबून एका वेळच्या भाजीपुरते मुटके करावेत आणि ते पिशवीत चपटे करून, आतली हवा काढून, वर तारीख लिहून ठेवावेत. पातळ थर लवकर गोठतो आणि लवकर गोठलेल्या भाजीत बर्फाचे स्फटिक बारीक राहतात. स्वयंपाकाच्या वेळी ही भाजी बाहेर ठेवून वितळू देण्याची गरज नाही. फोडणीत किंवा शिजत्या डाळीत ती तशीच टाकावी. पानांच्या पेशी फुटलेल्या असल्यामुळे घोळाण्याला, म्हणजे कच्च्या पालेभाजीच्या कोशिंबिरीला, ती उपयोगाची नाही, पण गरगट, पातळ भाजी आणि धपाट्यांसाठी उत्तम. अंबाडी आणि चुका आंबट असल्याने उष्णता लागताच त्यांचा हिरवा रंग काळपट होतो. तो बिघाड समजू नये.

हे सारे मराठवाड्यात करायचे म्हटले की पाणी आणि वीज हे दोन प्रश्न उभे राहतात. ज्या भागात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे सात-आठ लिटरांचा हिशेब कोणालाही खटकेल. परंतु हे काम पाणी त्या मानाने बरे असलेल्या हिवाळ्यात करायचे आहे, आणि तेच उकळते पाणी एकामागून एक अनेक घाण्यांना वापरता येते. क जीवनसत्त्व आणि फोलेटचा काही अंश त्या पाण्यात उतरतो, म्हणून ते वरणात वापरावे. पालकाच्या पाण्यात मात्र ऑक्झलेटही उतरते, तेव्हा घरात कोणाला मुतखड्याचा त्रास असेल तर ते गार करून झाडांना घालावे.

विजेचा प्रश्न अधिक गंभीर आहे. उणे १८ अंश सेल्सिअस तापमान सतत राखणाऱ्या फ्रीझरमध्ये अशी भाजी आठ ते बारा महिने चांगली राहते. एका दाराच्या साध्या फ्रीजमधील बर्फाच्या कप्प्यात एवढे तापमान टिकण्याचा भरवसा नसतो, म्हणून तेथील भाजी महिना-दोन महिन्यांत संपवावी. वीज गेल्यावर दार उघडले नाही तर गच्च भरलेला डीप फ्रीझर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास थंडी धरून ठेवतो. साध्या कप्प्याला हे लागू नाही. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, केवळ त्यांची वाढ थांबते. त्यामुळे पूर्ण वितळून दोन तासांहून अधिक वेळ कोमट पडलेली भाजी पुन्हा गोठवू नये आणि खाऊही नये. महागाची भाजी टाकताना जीव तुटतो हे खरे, पण ती लेकरांच्या ताटात वाढण्यापेक्षा टाकलेली बरी.

आपल्या दैनिकाने उन्हाळी वाळवणांप्रमाणेच या विषयावरही डिसेंबरमध्ये, भाजी स्वस्त असतानाच, सविस्तर माहिती छापावी, अशी विनंती आहे. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रे यांनी त्याच सुमारास बचत गटांतील महिलांसाठी गावोगावी प्रात्यक्षिके घ्यावीत, आणि ती दोन-तीन तास वीज जाणाऱ्या गावातील साधा फ्रीज गृहीत धरून घ्यावीत.

कळावे,
आपली एक वाचक,
जिल्हा परभणी