फ्लायव्हील म्हणजे बॅटरी नव्हे

महोदय,

कालच्या पुरवणीतील ‘बॅटरीविना हायब्रीड’ हा लेख वाचला. फ्लायव्हीलसारख्या, म्हणजे वेगाने फिरत राहून ऊर्जा साठवणाऱ्या चाकासारख्या विषयाला अर्धे पान दिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पण ‘फॉर्म्युला वनची गाडी फ्लायव्हीलमध्ये ६० किलोवॉट ऊर्जा साठवते’ हे वाक्य छापण्याआधी कोणीतरी तपासायला हवे होते, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावरच उभा आहे. किलोवॉट हे शक्तीचे माप. ऊर्जा मोजायची ती युनिटमध्ये. वीजबिलावर मंजूर भार आणि वापरलेली युनिटे वेगवेगळी छापतात, तोच हा फरक. २००९ च्या नियमांत दोन वेगळ्या मर्यादा होत्या: शक्ती ६० किलोवॉट आणि एका फेरीत वापरायची ऊर्जा ४०० किलोज्यूल, म्हणजे ०.११ युनिट. पूर्ण जोर लावला तर ती सात सेकंदही पुरत नाही. आपल्या लेखात याच आकड्यावर गाडी ‘एका दमात ४०० किलोमीटर’ धावते!

शिवाय त्या वर्षी शर्यतीत उतरलेल्या हायब्रीड गाड्या बॅटरीवरच्या होत्या. फॉर्म्युला वनमधील विल्यम्स संघाने फ्लायव्हील बनवले, पण ते धावले फ्रान्समधील ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत, ऑडी आर१८ मध्ये. २०१२ ते २०१४ सलग तीन वर्षे ही गाडी जिंकली. २०१६ मध्ये जास्त ऊर्जा साठवायची वेळ आली तेव्हा ऑडीनेही बॅटरीच घेतली. लेखात हे यायलाच हवे होते.

फ्लायव्हीलचे खरे काम थोडी ऊर्जा झटकन घेणे आणि झटकन देणे. १५ टनांची शहर बस ताशी ४० किलोमीटर वेगावरून थांबते तेव्हा सुमारे ९२५ किलोज्यूल, म्हणजे पाव युनिट ऊर्जा ब्रेकमध्ये जळते. ती दहा सेकंदांत पकडायची तर सरासरी ९० किलोवॉटच्या वर शक्ती झेलावी लागते, आणि तीही दर थांब्याला. लहान बॅटरी अशा माऱ्याने लवकर थकते, फ्लायव्हील थकत नाही. (वीज झटकन साठवणारा अल्ट्राकपॅसिटरही हे काम करतो, हे मान्य.) मात्र रात्रभर उभ्या गाडीच्या फ्लायव्हीलमध्ये सकाळी काही उरत नाही.

‘फ्लायव्हील गिअरने थेट चाकांना जोडतात’ हेही चूक. ब्रेक लावताना चाके मंदावत जातात आणि फ्लायव्हीलचा वेग मात्र वाढत जायला हवा. एका ठरीव गिअरने हे होणार नाही. म्हणून मधे सतत गुणोत्तर बदलणारा गिअरबॉक्स (सीव्हीटी) लागतो, नाहीतर विजेची मोटर-जनरेटर जोडी. खर्च आणि ऊर्जेचे नुकसान बरेचसे तिथेच होते.

व्होल्वोने २०११ नंतर चाचणीसाठी घेतलेले फ्लायव्हील कार्बन फायबरचे, सहा किलोचे, २० सेंटिमीटर व्यासाचे आणि मिनिटाला ६०,००० फेऱ्यांचे होते. म्हणजे त्याची कड सेकंदाला सव्वासहाशे मीटर पळते, ध्वनीहून वेगाने. हवेत ते तापेल, म्हणून निर्वात कवच. मग फिरत्या दांड्यावरचे सील गळले की हवा शिरते, घर्षण वाढते, कडेचे कार्बन धागे बांधून ठेवणारा रेझिन तापतो. पोलादी चाक फुटले तर दोन-तीन जड तुकडे गोळीसारखे सुटतात. कार्बनचे पिंजून निघते, तरी कवच भक्कम लागतेच.

आणि फ्लायव्हीलवरची वाहने ‘जगात प्रथमच’, हा लेखातला दावा? स्वित्झर्लंडमधील इव्हर्डन गावात १९५३ पासून ओर्लिकॉन कंपनीच्या जायरोबस, म्हणजे फ्लायव्हीलवर चालणाऱ्या बस धावत होत्या. दीड टनाचे पोलादी चाक, मिनिटाला ३,००० फेऱ्या, थांब्यावर छतावरील दांड्यांतून वीज घेऊन ते पुन्हा फिरवायचे. त्याचा आस उभा ठेवला होता, कारण आडवा असता तर प्रत्येक वळणावर चाकाने बसला झटका दिला असता.

लेखासोबतचे छायाचित्रही चुकीचे आहे. ते साध्या इंजिनच्या क्लचमागचे बिडाचे फ्लायव्हील आहे. स्टार्टरची दातेरी कडी त्यावर स्पष्ट दिसते. क्रँकशाफ्टचे धक्के सावरणे एवढेच त्याचे काम. अभियांत्रिकीचे विद्यार्थी ही पुरवणी कापून ठेवतात. किलोवॉटची आणि छायाचित्राची दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळकपणे छापावी, ही विनंती.

आपला,
एक वाहन अभियंता, पुणे