सात टक्के आणि चौऱ्याऐंशी दिवस

पुणे,
१० ऑगस्ट २०२१

मध्या,

मेसचे ते चाळीस रुपये मी हरलो. घे. 'टक्के किती ते नंतर विचार, कशाचे ते आधी विचार' हे तू तेव्हा ताट आपटून म्हणाला होतास आणि मी पंधरा दिवस अबोला धरला होता. बाप्या मधल्यामध्ये दोघांचं जेवला, तो भाग वेगळा. तर हे आज कबूल करायला निमित्त झालं राज्य सरकारचं.

झालं असं, की गेल्या सोमवारच्या, २ तारखेच्या आदेशात पंचवीस जिल्ह्यांना कोरोनाच्या निर्बंधांतून सूट मिळाली, अकरांना नाही. त्या अकरांत पुणे. म्हणजे तिसरा टप्पा कायम: दुपारी चारला शटर खाली, किराणा-औषधं सोडून बाकीची दुकानं शनिवार-रविवार बंद, संध्याकाळी पाचनंतर संचारबंदी. (एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्याला 'चारला बंद कर' म्हणणं म्हणजे 'एकलाच घरी जा' म्हणणं, हे मुंबईत बसून कळत नसावं.) जूनमध्ये दहा लाखांवरच्या महापालिका वेगळ्या धरल्या होत्या, या वेळी शहर आणि जिल्हा एकाच पातेल्यात. लक्ष्मी रस्ता खवळला. मग परवा रविवारी पालकमंत्र्यांनी पुणे आणि पिंपरी-चिंचवड पातेल्यातून बाहेर काढले, आणि कालपासून दुकानं रात्री आठपर्यंत, हॉटेलं दहापर्यंत. अट एकच. बाधितांचं प्रमाण सात टक्क्यांवर गेलं, की सगळं परत.

सात टक्के. कशाचे? बघ, तुझंच वाक्य.

तुझ्या जुलैतल्या मेलला उत्तर दिलं नाही, त्याचं कारणही हेच. 'गणपतीला येऊ का?' एवढंच विचारलं होतंस. मी रोज संध्याकाळी पालिकेचं पत्रक उघडायचो, वहीत आकडे उतरायचो आणि 'उद्या लिहू' म्हणायचो. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू पहिल्या टक्केवारीलाच तोडतोस. इकडे बाकी ठीक. माझी साखर जिथे होती तिथेच आहे.

तर सात टक्के. धर, शहरात आठवड्यात चाळीस हजार तपासण्या झाल्या आणि चौदाशे जण सापडले. साडेतीन टक्के, दुकानं उघडी. पुढच्या आठवड्यात तितकेच चौदाशे सापडले, पण तपासण्या वीस हजारच झाल्या. सात टक्के, दुकानं बंद होण्याच्या उंबरठ्यावर. रोगाने काहीच केलेलं नाही, छेद बदलला. उलटही होतं. मंडईतल्या ठणठणीत विक्रेत्यांच्या रांगा लावून झटपट अँटिजेन चाचण्या उरकल्या, की प्रमाण खाली येतं. एक तर त्यांत बाधित कमी, आणि दुसरं म्हणजे चाचणीच अधू. आयसीएमआरने (दिल्लीच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने) गेल्या वर्षी जूनमध्ये पहिलं अँटिजेन किट मंजूर केलं तेव्हा त्यांच्याच पत्रकात संवेदनशीलता ५०.६ ते ८४ टक्के लिहिली होती. म्हणजे वाईटात वाईट धरलं तर दोन बाधितांतला एक निसटतो. म्हणून यंदा २५ जूनच्या आदेशात राज्याने प्रमाण फक्त प्रयोगशाळेतल्या, जास्त भरवशाच्या आरटी-पीसीआर चाचणीवर काढायला सांगितलं, ते मला पटलं. पण वर्तमानपत्रं अजून दोन्ही चाचण्यांची बेरीज करून टक्के छापतात, आणि आपली मंडळी दोन वेगळ्या आकड्यांवरून चहाच्या टपरीवर भांडतात.

रोजचा आकडा तर बघूच नकोस. रविवारी प्रयोगशाळा अर्ध्या, नमुने कमी, म्हणून सोमवार-मंगळवारी आकडा पडतो आणि शेजारचे नाना 'संपला कोरोना' म्हणून जाहीर करतात. बुधवारी तो वर येतो आणि नाना पुन्हा मास्क शोधतात. सोमवार सोमवारशी ताडायचा, नाहीतर सरळ सात दिवसांची बेरीज करून मागच्या सातांशी. दोन आठवडे सलग एकाच दिशेला गेलं, तरच काही बोलायचं.

पत्रकात माझा सगळ्यांत विश्वासाचा रकाना ऑक्सिजनवरच्या रुग्णांचा. टक्केवारी नाही, संख्या. 'खाटा इतके टक्के भरल्या' यातही छेदाचीच गंमत आहे. सीओईपीच्या मैदानावरचं जंबो कोविड रुग्णालय आठशे खाटांचं. ते उघडलं की टक्के उतरतात, मिटलं की चढतात, आणि माणसं तेवढीच. मात्र या रकान्यात दोन खोडी आहेत. एक, तो उशिरा बोलतो. बाधित वाढल्यावर आठ-दहा दिवसांनी ऑक्सिजनवाले वाढतात. दुसरी, पुण्याच्या खाटांवर सातारा, नगर, सोलापूरचेही रुग्ण असतात. मृतांच्या आकड्यापुढे 'पैकी पुण्याबाहेरील' असं वेगळं लिहितात, ऑक्सिजनच्या पुढे नाही. तरी या रकान्याशी खेळणं अवघड. ऑक्सिजन लागतो तो लागतोच.

गेल्या ऑगस्टचं आठवतंय ना? आयसर आणि विद्यापीठाच्या मंडळींनी पाच प्रभागांत १६६४ जणांचं रक्त तपासलं आणि ५१.५ टक्क्यांत प्रतिपिंडं निघाली. तू मला फोन करून 'पुण्याची सामूहिक प्रतिकारशक्ती' वगैरे ऐकवलं होतंस, आणि मी मान डोलावली होती, हे खरं. दोघंही चुकलो. ते पाच प्रभाग मुळातच जास्त रुग्ण सापडलेले म्हणून निवडले होते. तो शहराचा आकडा नव्हताच. यंदाच्या एप्रिलात पुणे शहर एका दिवसात सात हजारांच्या घरात गेलं. तेव्हा त्या फोनबद्दल मी तुला काही बोललो नाही. आज बोललो, फिटंफाट.

आता तुमचं केरळ. इथे सगळे मला 'तुझा मित्र तिकडे, वीस हजार रोज, काय चाललंय तिथे?' असं विचारतात, जणू तूच पसरवतोयस. मी त्यांना आयसीएमआरचा जून-जुलैचा सेरो सर्व्हे सांगतो: देशात ६७.६ टक्क्यांना प्रतिपिंडं, मध्य प्रदेशात ७९, आपल्याकडे ५८, केरळात ४४.४. तुमच्याकडे लोक वाचले होते, म्हणून लागण व्हायला लोक शिल्लक आहेत. त्यात अपयश कुठलं? लस वापरण्यात तर तुम्ही आमचे गुरू. मेच्या सुरुवातीला तुमच्या मुख्यमंत्र्यांनी आकडे दिले होते: मिळालेले डोस ७३,३८,८०६ आणि टोचलेले ७४,२६,१६४. कुपीत दहा डोसांच्या वर थोडं जास्त भरलेलं असतं. परिचारिकेचा हात सराईत असेल आणि सिरिंजच्या सुईत काही अडकून राहत नसेल, तर अकरावा निघतो. हात कच्चा असेल तर नववाच शेवटचा.

आणि गेल्या आठवड्यापासून तुमच्याकडे जे नवं माप आलंय, ते वाचून मला पहिली आठवण तुझी झाली. वॉर्डात आठवड्याला दर हजार लोकसंख्येमागे दहापेक्षा जास्त बाधित, तर कडक टाळेबंदी. छेदात तपासण्या नाहीत, लोकसंख्या! तू जेवत्या ताटावरून उठला असशील आनंदाने. पण थांब. तपासण्या निम्म्या केल्या, तर तुमचं माप खाली जातं आणि आमचं वर जातं. एकेकटं दोन्ही फसवतं. शेजारी ठेवली तर लबाडी झाकली जात नाही. दोन्ही उतरताहेत, तर रोग उतरतोय. एक चढतंय, एक उतरतंय, तर आधी तपासण्यांचा आकडा बघायचा. म्हणून वहीत मी आता पुण्याचीही दोन्ही काढतो. त्यातही मेख आहे म्हणा. पुणे मनपाची लोकसंख्या २०११च्या जनगणनेची, ३१ लाख २४ हजारांची धरली तर माप फुगतं, आणि अंदाजाची धरली तर अंदाज कुणाचा?

लसीकरणाच्या टक्क्यांचं तेच. अंशात सगळा तालुका, छेदात शहर. मे महिन्यात कोविनवर (लसनोंदणीच्या सरकारी पोर्टलवर) पुण्याची पोरं जुन्नर-मुळशीपर्यंत स्लॉट धरून गाडीने जात होती, गावकरी भांडत होते, तर रोज कामाला येणारे हवेलीकर शहरात टोचून घेत होते. 'पुण्यात इतके टक्के' म्हणजे पुण्यात टोचलेले, पुणेकर नव्हेत. बाहेरचे म्हणतात, कोविशील्ड बनवणारी सीरम कंपनी तुमच्या मांजरी गावात, तुम्हाला कसली टंचाई! त्यांना कोण सांगणार, की बॅच कसौलीच्या केंद्रीय प्रयोगशाळेच्या मंजुरीशिवाय सुटत नाही, मग केंद्राच्या वाटपात जाते आणि राज्याच्या भांडारातून आमच्या पेठेत येते. हडपसरच्या माणसालाही सकाळी आठला स्लॉट उघडायची वाट बघावीच लागते.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी एवढं दळण दळलं. काकू.

मार्चपासून 'पुढच्या आठवड्यात' म्हणत म्हणत काकूंनी पहिला डोस घेतला २० मेला. त्याच्या आठवडाभर आधी, १३ मेला, कोविशील्डचं अंतर बारा ते सोळा आठवडे झालं होतं. म्हणजे चौऱ्याऐंशी दिवस भरतात परवा गुरुवारी, १२ ऑगस्टला. त्याआधीची तारीख कोविन देतच नाही. सोळा आठवडे संपतात ९ सप्टेंबरला. गणेश चतुर्थी १० ला. आता कळलं, मी का गप्प होतो?

अंतर वाढवलं ते उगाच नाही. ऑक्सफर्डच्या चाचण्यांत सहा आठवड्यांच्या आत दुसरा डोस घेतलेल्यांत परिणामकारकता ५५ टक्के होती, बारा आठवड्यांनंतर घेतलेल्यांत ८१. पण ते कोरोनाच्या डेल्टा अवताराच्या आधीचं. इंग्लंडमधला अभ्यास गेल्या महिन्यात आला, त्यात डेल्टापुढे एका डोसने तीस टक्क्यांच्या आसपास, याच लशीच्या दोन डोसांनी ६७. पहिला झाला म्हणून काकू 'माझं झालं' म्हणतात, तर त्यांचं तिसऱ्या हिश्श्याएवढंच झालंय. म्हणून बारावर बारा. तेरावा आठवडा उलटू द्यायचा नाही.

बेत असा. बुधवारी संध्याकाळी पालिकेची केंद्रांची यादी येईल. दुसऱ्या डोसच्या जागा वेगळ्या असतात, त्या बघायच्या. गुरुवारी नाही जमलं तर शुक्रवार, आणि शनिवारपर्यंत साठाच आला नाही, तर खाजगीत ७८० रुपये भरून मोकळं व्हायचं. पैशांवरून तू वाद घालू नकोस. दुपारी उशिरा जायचं नाही. उघडलेली कुपी चार तासांत संपवावी लागते, त्यामुळे दिवसअखेर दोन-तीन जणच उरले तर नवी कुपी फोडत नाहीत, 'उद्या या' म्हणतात. काकू रक्त पातळ करायची गोळी घेतात, ते टोचण्याआधी सांगायचं आणि नंतर पाच मिनिटं कापूस दाबून धरायचा, चोळायचा नाही. अर्धा तास बसवतात, तेव्हा त्यांच्या हातात शब्दकोडं द्यायचं, नाहीतर त्या दहाव्या मिनिटाला उठतात.

त्यानंतर दोन आठवडे, म्हणजे २६ ऑगस्ट. तुझी बाजू अशी: तुझे दोन्ही झालेत, वहिनींचा एकच, ईशाला अजून लसच नाही. ओणम २१ ला. त्याचा हिशेब तुमच्या आकड्यांत ४ सप्टेंबरपर्यंत दिसेल. तोवर तिकीट काढायचंच असेल तर रद्द करता येणारं काढ, आणि पूर्णा एक्स्प्रेसचं नको, विमानाचं. बंद डब्यातल्या दिवसभरापेक्षा दोन तास बरे. ४ तारखेला तुझ्या वॉर्डाचं माप आणि माझ्या वहीतले दोन आठवड्यांचे ऑक्सिजनवाले बघू. दोन्ही सपाट किंवा उतरते असतील आणि काकूंचे दोन आठवडे भरलेले असतील, तर ये. त्या सात टक्क्यांचं काय होतं ते दुकानदारांना बघू दे.

आल्यावर थेट काकूंकडे नाही, आधी माझ्याकडे. मायलॅबचं घरच्या घरी करायचं अँटिजेन किट अडीचशेला मिळतं, दोन आणून ठेवतो: एक आल्या दिवशी, एक पाचव्या दिवशी. काडी प्रत्येक नाकपुडीत दोन ते चार सेंटिमीटर, पाच वेळा फिरवायची. लोक नुसतं दाराशी गुदगुल्या करतात आणि निगेटिव्ह आली म्हणून पेढे वाटतात. नळीतल्या द्रावात काडी दहा वेळा घोळायची, कार्डावर दोन थेंब, पंधरा मिनिटांनी वाचायचं. वीस मिनिटांनंतर उमटलेली रेघ धरायची नाही. घसा खवखवत असेल तर किटची निगेटिव्ह निगेटिव्ह नव्हे, आरटी-पीसीआरच.

गणपतीची मूर्ती घरात दोन फुटांपर्यंतच चालेल, तुझी नेहमीची नऊ इंचांची आहे, तो प्रश्न नाही. गेल्या वर्षीसारखं मानाच्या पाचांचंही विसर्जन मांडवात झालं, तर तुला लक्ष्मी रस्त्यावर रात्रभर उभं राहायचं कारण उरणार नाही, आणि मला तुझ्यासोबत. आणि हो, पुरंदरमधल्या बेलसरला झिकाचा (डासांमुळे पसरणाऱ्या तापाचा) रुग्ण सापडला. तुमच्याकडे जुलैत, आमच्याकडे महिनाअखेर. त्याबाबतीत बरोबरी.

नव्या नोकरीचं कळलं, अभिनंदन. ईशाच्या दहावीचं वहिनींना सविस्तर लिहीन. बाप्याला अजून काही सांगितलेलं नाही.

पोस्टाने पाठवलं तर गुरुवार उलटेल, म्हणून मेलवर टाकतोय.

तुझा,
दिग्या

ता. क. सगळ्यांत महत्त्वाचं राहिलंच. काकूंचा पहिला डोस कुणाच्या मोबाइल नंबरवर नोंदवलाय, तुझ्या की बाप्याच्या? आणि ओळखपत्र आधार होतं की पॅन? दुसऱ्या डोसला तोच नंबर आणि तेच कार्ड लागतं. वेगळा नंबर, वेगळं कार्ड दिलं तर कोविन त्यांना नवी व्यक्ती समजतं, आणि दोन्ही वेळा 'पहिला डोस' असं लिहिलेली दोन प्रमाणपत्रं हातात येतात. उद्या संध्याकाळच्या आत कळव. ओटीपी तुझ्याकडे येणार असेल तर गुरुवारी सकाळी पावणेआठपासून फोन हातात ठेव, मीटिंगमध्ये जाऊ नकोस.