मामा, तुमचे आभार राहिलेत

मामा,
प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तोंडावर आभार मानले तर "बास कर की आता" म्हणून तुम्ही विषय मोडणार, म्हणून चारचौघांत लिहितोय.

2019 च्या महापुरात कोल्हापुरातलं आपलं शाहूपुरीतलं दुकान पाण्यात गेलं, तेव्हा माझा विश्वास हलला नव्हता. स्तोत्रं म्हणत चिखल उपसला. पण 2021 मध्ये पप्पा कोरोनानं गेले आणि आतलं सगळंच खचलं. रात्ररात्र गुडघे टेकून मागितलं होतं त्यांच्यासाठी.

त्या दिवसांत घरी भेटायला आलेल्या काहींचं बोलणं अजून टोचतं. "प्रार्थनेत कुठंतरी संशय राहिला असणार," हे पप्पांच्या फोटोसमोर बसून, आईच्या देखत! बायबलमधल्या, संकटांनी पिचलेल्या ईयोबाचे मित्र परवडले. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते. तोंड उघडलं आणि बिघडलं. शेवटी देवाचा कोप झाला तोही या उपदेश करणाऱ्यांवर. देवाशी भांडणाऱ्या ईयोबाला मात्र देवानं आपला सेवक म्हटलं. आमच्याकडं आलेल्यांनी ते पुस्तक शेवटपर्यंत वाचायला हवं होतं.

मी चर्चमध्ये उपासनेला जाणं सोडलं. बायको-पोरांना गेटवर उतरवायचो आणि गाडी वळवायचो.

त्या रविवारी तुम्ही व्हरांड्यात एकटेच बाक ओढत होता. मला बघितलंत. इतके दिवस कुठं होतास, असं विचारलं नाहीत. वचन ऐकवलं नाहीत.

"आलास? धर की तिकडनं. पायरी हाय, बघून."

एवढंच. जुनं सागवानी बाक ते, काय जड! तुम्हाला धाप लागली होती, तरी उलट्या पावलांनी पुढं तुम्हीच चालत होता आणि मानेनंच मला उंबरा दाखवत होता. एक झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. घंटा वाजली तेव्हा मी आत होतो आणि आपण दोघांनी ठेवलेल्या बाकावर बसलो होतो.

घरी येऊन बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 21 वा अध्याय काढला. विस्तवापाशी शेकताना शिष्य पेत्रानं प्रभू येशूला नाकारलं होतं. मरणातून पुन्हा उठलेल्या प्रभूनं तिबिर्याच्या समुद्राकाठी त्याच्यासाठी विस्तवावर मासे भाजून ठेवले, आधी खाऊ घातलं. मग माझ्यावर प्रीती करतोस का, एवढंच तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा मेंढरं त्याच्या हवाली केली. शब्बाथ शाळेपासून पाठ असलेली ही गोष्ट मला बाक उचलल्यावर कळली.

महापुरात तालमीची पोरं नावेतनं माणसं काढत होती, तेव्हा आधीच का निघाला नाहीस, असं त्यांनी कुणाला विचारलं नाही. हात दिला आणि वर ओढलं. अशा माणसांवरच आपलं गाव उभं आहे, मामा, आणि तुम्ही त्यांतलेच.

शंका संपल्यात असं नाही. पप्पांच्या वेळी का ऐकलं नाहीस, हे देवाला अजून विचारतो. पण आता त्याच्या घरात बसून विचारतो, आणि ते तुमच्यामुळं.

आणि हो, कंबरदुखी असताना एकट्यानं बाकं ओढायची नाहीत. येत्या रविवारी मी साडेसातलाच येतो.

तुमचा भाचा