प्रिंटर घेण्याआधी वर्षाची पानं मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात वाचकांच्या पत्रांमध्ये एका सरांचं पत्र होतं, की ॲडमिशनच्या दिवसात झेरॉक्सवाले एका प्रिंटचे पाच-पाच दहा-दहा रुपये घेतात, ही सरळ लूट आहे, त्यापेक्षा प्रत्येकाने घरी एक छोटा प्रिंटर घेऊन टाकावा, आता चार हजारात मिळतो. सरांचा राग मला समजतो, मी पण त्या रांगेत घामाघूम होऊन उभी राहिलेय. पण घरी प्रिंटर घ्या हे वाचून मला राहवेना, कारण तो उद्योग आमच्या घरी करून झालाय आणि त्यात आम्ही हात चांगलेच पोळून घेतलेत.

झालं असं की तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सेलमध्ये आमच्या ह्यांनी ३,९०० रुपयांना एक कलर इंकजेट, म्हणजे पातळ शाईचे थेंब उडवून छापणारा प्रिंटर, आणला. बॉक्समध्येच शाईच्या दोन डब्या, म्हणजे कार्ट्रिज, एक काळं एक कलर, त्यामुळे घरात आनंदीआनंद. लेकीने मैत्रिणींचे फोटो काढले, ह्यांनी सोसायटीच्या मीटिंगची नोटीस काढली, मी सत्यनारायणाच्या सामानाची यादी काढली, जी हाताने लिहिली असती तर दोन मिनिटात झाली असती. महिना दीड महिन्यात काळं कार्ट्रिज संपलं. दुकानात गेले तर नवीन ९५० रुपये! म्हणजे चार कार्ट्रिजमध्ये अख्खा प्रिंटर आला की हो. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं, साधारण १२० पानं. ही १२० पानं कशी मोजतात तेही नंतर कळलं, पानाचा जेमतेम पाच टक्के भाग शाईने भरलाय असं धरून. म्हणजे चार ओळींचा अर्ज असतो ना, तसलं पान. त्यात एक फोटो आला, काळी पट्टी असलेलं हेडिंग आलं, की तुमची १२० ची साठ कधी होतात समजत नाही.

पण शाई छापून संपली असती तर मला एवढं वाईट वाटलं नसतं, ती वाळून जास्त गेली. इंकजेटच्या हेडला, म्हणजे शाई सोडणाऱ्या भागाला, केसापेक्षा बारीक भोकं असतात आणि प्रिंटर पंधरा वीस दिवस नुसता बसला की त्यात शाई सुकते. मग प्रिंटला पांढऱ्या रेघा येतात. मग क्लीनिंग करा. आणि क्लीनिंग म्हणजे काय, तर तीच महागाची शाई जोरात ढकलून भोकं मोकळी करायची, म्हणजे रोगापेक्षा औषध महाग. आमचं अजून एक चुकत होतं जे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तर हेड कोपऱ्यात जाऊन टोपीखाली बसतं आणि ओलं राहतं. आम्ही टीव्ही बंद करावा तसा भिंतीवरचं बटण खाली करून मोकळे, त्यात मधेच लाइट गेली की हेड जिथे असेल तिथे उघडंच. सुकणार नाहीतर काय.

मी घरखर्चाची वही ठेवते, त्यात शेवटचं पान प्रिंटरला दिलेलं. एका वर्षात धड आलेली पानं २१४. रेघारेघांची, अर्धवट, कागद अडकून चुरगाळलेली वेगळी, ती मोजायची सोडून दिली. त्या वर्षात दोन काळी आणि एक कलर कार्ट्रिज मिळून ३,०५० रुपये गेले. भागाकार करा, एका पानाला सव्वाचौदा रुपये, आणि ह्यात कागद नाही, प्रिंटरचे ३,९०० पण नाहीत. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्या दादाकडे हीच २१४ पानं पाच रुपयांनी काढली असती तर १,०७० रुपये झाले असते. आता ह्यात कुणी लुटलं?

लगेच कोणीतरी म्हणेल इंक टँकवाला घ्यायचा ना. खरंय, त्याचं गणित वेगळं आहे, त्यात बाटलीने शाई ओततात आणि काळ्या शाईच्या एका बाटलीत हजारो पानं निघतात, शाई पानाला दहा-पंधरा पैसे. ५०० कागदांचं रिम आमच्याकडे २८० ला मिळतं म्हणजे कागद छप्पन पैसे. धरा सत्तर पैशात पान झालं. भारी वाटतं. पण तो प्रिंटर बारा-साडेबारा हजाराचा. दुकानातल्या पाच रुपयांच्या तुलनेत एका पानाला चार रुपये तीस पैसे वाचणार, म्हणजे नुसते प्रिंटरचे पैसे निघायला २,९०० पानं छापायला हवीत. आमच्या २१४ पानांच्या वेगाने साडेतेरा वर्षं. तोपर्यंत लेकीचं लग्न होईल. आणि शाई त्यातही वाळते बरं का, आठवड्यातून एखादं कलर पान काढावंच लागतं, म्हणजे गायीला चारा घातल्यासारखं.

माझ्या नणंदेचं मात्र वेगळं आहे. ती साताऱ्यात आठवी ते दहावीचे क्लास घेते, महिन्याला पाचशेच्या वर पानं, सराव पेपर, वर्कशीट, सगळं काळंच. तिने फक्त ब्लॅक अँड व्हाइट लेझर घेतलाय. लेझरमध्ये शाई नसतेच, टोनर म्हणजे काळी पावडर असते, ती उष्णतेने कागदावर चिकटते, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने बंद राहिला तरी जूनमध्ये पहिलं पान कडक येतं. तीनशे रुपयात टोनर रिफिल करून देणारा माणूस घरी येतो, त्यात हजारभर पानं होतात, कागद धरून नव्वद पैशाच्या आत. रिफिल कधी कधी गळतं, कागदाच्या कडेला काळे डाग पडतात, पण मुलांना काय फरक पडतो. तिला घरचा प्रिंटर परवडतो, मला नाही, कारण तिची पानं महिन्याला पाचशे आणि माझी महिन्याला अठरा. सरांनी पत्रात पानांचा आकडाच दिलेला नाही, तो आधी काढायला हवा होता.

आता दुकानातच जायचं तर तिथेही पैसे वाचवता येतात. आमच्याकडे प्रिंट पाच रुपये पण झेरॉक्स दोन रुपये. सहा पानांच्या फॉर्मचे पाच सेट हवेत तर लोक सरळ 'पाच कॉप्या मारा' म्हणतात आणि दीडशे रुपये देतात. एक सेट प्रिंट घ्या तीस रुपये, उरलेले चार सेट झेरॉक्स अठ्ठेचाळीस रुपये, झाले अठ्ठ्याहत्तर. दादा स्वतःहून हे सांगत नाही, आणि का सांगावं त्याने, पण मागितलं की करतो. फाइल पीडीएफ करूनच न्या. मी एकदा सोसायटीचं पत्र वर्डमध्ये, जुन्या डीटीपी फॉन्टमधलं, तसंच घेऊन गेले. त्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नव्हता, स्क्रीनवर अख्ख्या मराठी पत्राची एबीसीडी आणि कंस-चौकोन झालेले. मागे सात माणसं उभी. परत घरी येऊन पीडीएफ करून गेले तेव्हा दुकान जेवायला बंद.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट जी सरांच्या पत्रात यायला हवी होती ती पैशाची नाहीच. दुकानात आपण आपले कागद दादाच्या व्हॉट्सॲपवर पाठवतो. आधार, पॅन, बँकेचं पासबुक, मुलीची मार्कशीट. वर त्या आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो, नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि जन्मसाल. परवा माझ्यापुढे एक काकू होत्या, दादाने मोठ्याने विचारलं 'जन्मसाल सांगा', काकू अगदी हळू आवाजात बोलल्या, त्याला ऐकू गेलं नाही, मग तिसऱ्यांदा त्यांनी जे सांगितलं ते रस्त्यापलीकडच्या वडापाववाल्याने पण ऐकलं असेल. हसू आलं, पण त्यांचं नाव, जन्मसाल आणि आधार नंबर तिघं एकाच कॉम्प्युटरवर राहिले त्याचं काय? मे २०२२ मध्ये आधारवाल्यांच्या बंगळुरूच्या ऑफिसने पत्रक काढलं होतं, आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, सायबर कॅफेत डाउनलोड करू नका आणि केलंच तर पुसून टाका, मास्क्ड आधार द्या. दोन दिवसात सरकारने ते मागे घेतलं, लोकांचा गैरसमज होईल म्हणून. मागे घेतलं तरी मास्क्ड आधार आहेच, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात, जिथे चालतं तिथे मी तेच देते. आणि पैसे द्यायच्या आधी काउंटरवर उभं राहूनच 'दादा, डिलीट करा' म्हणते. पहिल्यांदा त्याला राग आला, आता मला बघितलं की स्वतःच करतो, तेही डाउनलोडच्या फोल्डरमधून सुद्धा.

मुळात एवढे कागद काढायचेच कशाला हा पण प्रश्न आहे. डिजिलॉकर, म्हणजे सरकारी कागद ऑनलाइन ठेवायची सरकारची सोय, २०१५ पासून आहे, त्यात सरकारी खात्याने दिलेला कागद मूळ कागदाच्या बरोबरीचा मानायचा असा नियम २०१७ पासून आहे. गाडीचं लायसन्स, आरसी फोनवर दाखवता येतं. रेल्वेच्या ऑनलाइन रिझर्वेशनला मोबाइलवरचा मेसेज आणि सोबत मूळ ओळखपत्र पुरतं, तरी आमचे सासरे तिकिटाची प्रिंट घेतात, वर दोन झेरॉक्स, एक पाकिटात एक पिशवीत. त्यांच्याशी कोण वाद घालणार. पण काउंटरवरचा माणूस फोन बघून 'प्रिंट आणा' म्हणतो तेव्हा नियम दाखवत बसायचं की कोपऱ्यावर जाऊन पाच रुपये द्यायचे, तर आपण पाच रुपयेच देतो. 

शाळांचं तर विचारूच नका, रात्री साडेनऊला ग्रुपवर मेसेज, उद्या पाच समाजसुधारकांचे रंगीत फोटो वहीत चिकटवून आणणे. कलर प्रिंट पंधरा रुपये पान आणि त्या वेळेला दुकान बंद. अहो स्टेशनरीच्या दुकानात चित्रांचे तक्ते मिळतात अजून, दहा-वीस रुपयात सगळे समाजसुधारक एका कागदावर, कात्रीने कापायचे. दोन दिवस आधी सांगितलं तर तेवढ्यात होतं.

सरांची एक मागणी मात्र मला शंभर टक्के मान्य आहे, दुकानाबाहेर दराची पाटी हवी. प्रिंट किती, झेरॉक्स किती, बॅक टू बॅक किती, कलर किती. फॉर्मच्या शेवटच्या दिवशी पाचाचे दहा होतात ते पाटी नसल्यामुळे होतात. आमच्या दादाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला 'ताई, पाटी लावतो, पण तिची पण प्रिंट काढावी लागेल', आणि अजून लावलेली नाही.

आमचा प्रिंटर सध्या माळ्यावर आहे, गणपतीच्या मखराच्या सामानाखाली. विकायला काढला होता, भंगारवाल्याने शंभर रुपये सांगितले. त्याची यूएसबी केबल तेवढी चांगली निघाली, ती नणंदेने नेली लेझरला.

आपली,
एक वाचक, कराड