पडू नये म्हणून बसवून ठेवू नकोस

नौपाडा, ठाणे
१४ जून

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

व्हीलचेअर आली. हलकी आहे, ब्रेक नीट लागतात, घडी केली की दाराआड मावते. तुझ्या बाबांनी आधी स्वतः बसून हॉलभर फेऱ्या मारल्या आणि मग मला सर्टिफिकेट दिलं. खुर्ची मी ठेवून घेतेय. पण तिच्याबरोबर तू मावशींना फोनवर जी ताकीद दिलीस ती परत पाठवतेय. "आईला उठू देऊ नका, सगळं हातात द्या." मावशींनी ते इतकं मनावर घेतलंय की मी पाण्याचा तांब्या घ्यायला नुसती पुढे सरकले तरी त्या "दादांनी सांगितलंय" म्हणत पोळी तव्यावर टाकून धावत येतात. पोळी करपते ती वेगळीच. फोनवर तू मला दोन वाक्यांच्या पुढे जाऊ देत नाहीस, म्हणून हे पत्र.

मला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार आहे आणि मी पॅसेजमध्ये पडले, हे खरं. मोडलं काही नाही. त्यातच डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट तुझ्या हाती पडला आणि तू घाबरलास. आता तो रिपोर्ट पुन्हा उघड आणि नीट वाच. डाव्या खुब्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण धडधाकट हाडाशी केलेली तुलना, उणे २.७, उजव्याचा उणे १.९. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये असलं तर ऑस्टिओपेनिया. म्हणजे एकाच बाईचा एक खुबा ठिसूळ आणि दुसरा अजून तग धरून. दूध काही मी एका पायाने प्यायले नाही. पाळी गेली ती दोन्ही खुब्यांची गेली. रिलॅप्सच्या वेळी, म्हणजे दुखणं पुन्हा उसळलं तेव्हा, स्टेरॉइडची सलाइनं लावली ती दोघांनाही सारखीच मिळाली. एमएसमध्ये मूळ बिघाड मज्जातंतूंवरच्या आवरणात असतो, तो उठून खुब्याला जाऊन चावत नाही. फरक एवढाच की दुखण्याने डावा पाय आधी धरला आणि तेव्हापासून मी सगळा भार उजव्यावर टाकत आले. ज्याने भार उचलला तो टिकला, ज्याला जपलं तो गेला.

तू स्ट्रक्चरल इंजिनिअर. मी आधी रोट्रिंगच्या पेनाने ट्रेसिंग पेपरवर आणि नंतर ऑटोकॅडवर, पण जन्मभर बीम-कॉलमच्या सळ्याच काढल्या. तेव्हा हे तुला पटायला हरकत नाही. मांडीच्या हाडाचा वरचा भाग उभा कापला तर आत भरीव दगड नसतो, बारीक जाळी असते. १८६६ च्या सुमाराला झुरिकमध्ये हेर्मान फोन मायर या शरीररचनाशास्त्रज्ञाने असा छेद दाखवला तेव्हा कार्ल कुलमान नावाच्या इंजिनिअरने तो पाहिला. ग्राफिक स्टॅटिक्सचा, म्हणजे रेषा काढून भारांचा हिशेब करण्याच्या पद्धतीचा, पाया घातला तोच हा कुलमान. त्याला त्या जाळीत क्रेनच्या वाकड्या दांड्यातल्या ताणाच्या आणि दाबाच्या रेषा दिसल्या. पुढे १८९२ मध्ये बर्लिनच्या यूलियुस वोल्फ या सर्जनने नियमच मांडला, की हाडावर जसा भार येतो तसं हाड स्वतःला घडवतं.

इथवर आपल्या आरसीसीशी जुळतं. पुढे जुळत नाही. कॉलमवरचा भार काढला तर कॉलम सुखाने उभा राहतो. हाडावरचा काढला तर शरीर हिशेब करतं की एवढा माल इथे कशाला अडकवायचा, आणि उचलून न्यायला लागतं. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा मोडून नव्याने बांधला जातो. भार असेल तर मोडलेलं भरून निघतं, नसेल तर मोडणाऱ्या पेशी पुढे धावतात. अंतराळात गेलेल्या, निवडून काढलेल्या धडधाकट माणसांच्या खुब्यातून आणि मणक्यातून महिन्याला एक ते दीड टक्का खनिज निघून जातं. मी साठी ओलांडलेली, पायांत जोर नसलेली बाई. मला तू दिवसभर खुर्चीत बसवलंस तर मी पडणार नाही कदाचित, पण वर्षभराने मावशींनी मला खुर्चीतून पलंगावर उचलताना नुसता पाय मुरगळला तरी हाड जाईल.

तुला वाटेल, आजारी माणसाला व्यायाम कसला. एकेकाळी डॉक्टरही हेच सांगत. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये नोंदवलं की एमएसच्या काही रुग्णांची नजर श्रम केले की मंदावते. ते दुखणं श्रमाचं नव्हतं, अंगातल्या गरमीचं होतं, आणि अंग गार झालं की नजर पूर्ववत होते, हे नीट कळायला फार काळ गेला. एमआरआय नव्हता तेव्हा संशयित रुग्णाला गरम पाण्यात बसवून लक्षणं वाढतात का ते बघत. त्या हिशेबाने आपला ठाण्याचा मे महिना म्हणजे फुकटची तपासणीच की रे. पण एमएसच्या माणसांनी स्वस्थ पडून राहावं हा सल्ला १९९० च्या दशकात मागे पडत गेला. व्यायामाने रिलॅप्स येत नाही, ताकद आणि उभारी वाढते, हे अभ्यासांतून दिसलं. तू अजून त्याच्या आधीच्या काळात आहेस.

गरमीचं पथ्य मी पाळतेच. सकाळी सहाला रिक्षाने कचराळी तलावावर जाते. रिक्षाने अशासाठी की आपल्या गल्लीतल्या उचकटलेल्या पेव्हर ब्लॉकवरून जाणं हा व्यायाम नाही, जुगार आहे. मानेवर ओला पंचा, पायात स्प्लिंट, हातात चाकांचा वॉकर आणि मागे तुझे बाबा. या बाकापासून त्या बाकापर्यंत. डावं पाऊल घासायला लागलं की थांबायचं, मग समोरच्या बाकावर ओळखीचं कोणी बसलेलं असो नाहीतर नसो. आता पाऊस सुरू झाला, फरशी ओली असते, त्यामुळे बऱ्याचदा तेही बंद. त्याचं मला फार वाईट वाटत नाही, कारण हाडांचं खरं काम तलावावर होतच नाही. ते आपल्या ओट्यापाशी होतं.

ते तुला सांगायचंच आहे, कारण तू नेमकं तेच बंद करायला निघालास. फिजिओने जे बसवून दिलंय त्यात डंबेल्स वगैरे जवळजवळ काही नाही. डायनिंगच्या खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि धपकन न पडता सावकाश बसायचं. ओट्याची कड धरून टाचा उचलायच्या. कडेकडेने खेकड्यासारखं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायचं. आणि भाजी चिरताना उजवा पाय समोर पाटावर ठेवायचा, म्हणजे भार आपोआप डाव्यावर जातो. हा शेवटचा मला सगळ्यात कठीण जातो आणि सगळ्यात जास्त आवडतो. मेथीची एक जुडी निवडून होईपर्यंत डावी मांडी थरथरायला लागते. मागे खुर्ची लावलेली असते, थरथर वाढली की बसते. तांब्या हातात दिला की माझं एक उठणं गेलं. दिवसभरात मावशी असे किती तांबे देतील, मोज.

व्हीलचेअरला माझा विरोध नाही, हेही लिहून ठेव. स्टेशनला, लग्नाच्या हॉलमध्ये, दवाखान्याच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये मी ती बिनदिक्कत वापरणार. एमएसचा थकवा नुसत्या झोपेने जात नाही, आणि उरलेली ताकद रस्ता कापण्यात घालवली तर ओट्यापाशी उभं राहायला काय शिल्लक राहणार? लांबचं चाकावर आणि घरातलं पायावर, अशी वाटणी मी केलीय. पुढेमागे तेही जमेनासं झालं तर उभं राहायची फ्रेम असते, पट्ट्यांनी गुडघे आणि कंबर धरून ठेवते. वाढत जाणाऱ्या एमएसच्या लोकांवर इंग्लंडमध्ये केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून तीनदा अर्धा तास अशा फ्रेममध्ये उभं राहून आणि व्यायाम करून त्यांच्या हालचालीत फायदा दिसला. त्या लोकांना चालता जवळजवळ येतच नव्हतं. तेव्हा "आता उभं राहून काय उपयोग" हे मला कोणी कधीच म्हणायचं नाही.

एक मात्र मी ठामपणे सोडलंय, पुढे वाकणं. तळमजल्यावरच्या वहिनी पश्चिमोत्तानासन करा म्हणून मागे लागल्या आहेत. ठिसूळ मणक्याला पुढे वाकवून दाब दिला तर मणका चेपतो. खाली पडलेलं उचलायचं तर मी चिमटा वापरते. वहिनी नाराज आहेत, असू देत.

बाकी खाण्याचं तुला ठाऊक आहे, ते थोडक्यात सांगते. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२० मध्ये सांगितलेलं माप पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १२०० मिलिग्रॅम कॅल्शियमचं आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, तांदळात दहाच्या घरात. म्हणून रात्री भाकरी नाचणीची. दही, तीळ, आणि काट्यासकट चावून खाता येतात म्हणून मांदेली. पालकाचं कौतुक कमी केलंय, त्यातलं कॅल्शियम त्याच्याच ऑक्सलेटमध्ये अडकून बसतं.

डी व्हिटॅमिनची मात्र खरी गंमत आहे. "कोवळ्या उन्हात बस" असं मैथिलीने मला प्रेमाने सांगितलं. कोवळ्या उन्हात डी बनवणारे किरणच फारसे नसतात. सूर्य डोक्यावर यायला लागतो तेव्हा, म्हणजे अकरा ते दोनच्या दरम्यान, कातडीत डी तयार होतं, आणि खिडकीच्या काचेतून ते किरण आत येत नाहीत. म्हणजे हाडांना जे ऊन हवं तेच माझ्या मज्जातंतूंना सोसत नाही. दोघांचं भांडण सोडवायला साठ हजार युनिटची पुडी आहे. आठ आठवडे आठवड्याला एक घेतली, आता महिन्याला एक. बाबांच्या मित्रासारखं "चांगलं असतं" म्हणून वर्षानुवर्षं आठवड्याला घेत बसायचं नाही, जास्त झालं की रक्तात कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडांना त्रास होतो.

हाडांच्या औषधाचं ठरलंय. आठवड्याची गोळी उपाशीपोटी पेलाभर पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसावं लागतं. मला कधीकधी गिळताना अडकतं, गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर तिथे जखम होते. म्हणून डॉक्टरांनी वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रॉनिक ॲसिड सुचवलंय. त्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडांचं काम कळतं), कॅल्शियम आणि डी बघायचं, आणि दाढेचं काम आधी उरकायचं, कारण हे औषध चालू असताना दात काढणं जबड्याला क्वचित महागात पडतं. पहिल्या डोसानंतर ताप येऊ शकतो. ताप आला की माझे पाय दिवसभरासाठी संपावर जातील. तेव्हा घाबरून विमानाचं तिकीट काढू नकोस. पॅरासिटामॉल आणून ठेवलंय, तो एक दिवस तुझी खुर्ची आणि मी.

पडण्याबद्दल तुझी काळजी खोटी नाही. पण मी पडले ती उभी राहिले म्हणून नाही. रात्री लघवीची घाई झाली, दिवा न लावता निघाले, पायात सपाता, आणि डावं पाऊल पायपुसण्यात अडकलं. यातलं प्रत्येक कारण काढता येतं. पायपुसणी गेली. सपाता गेल्या, आता घरातही मागून पट्टा असलेले सँडल. पॅसेजमध्ये हालचालीवर लागणारा दिवा बाबांनी बसवला. पाय ताठरतात त्याच्या गोळीने झोप आणि सैलपणा येतो, म्हणून रात्रीच्या डोसाबद्दल डॉक्टरांशी बोलले. आणि पडल्यावर उठायचं कसं तेही फिजिओने शिकवलं: आधी पडून राहून कुठे दुखतंय ते बघायचं, कुशीवर वळायचं, रांगत खुर्चीपर्यंत जायचं, बैठकीवर हात टेकून बरा पाय पुढे घ्यायचा. जमिनीवर गादी घालून याची तालीम करताना बाबा इतके कासावीस झाले की त्यांना दूध आणायला पिटाळलं. मावशींनाही सांगितलंय, काखेत हात घालून मला ओढायचं नाही, खुर्ची आणून द्यायची.

तर आज संध्याकाळी मावशींना तू स्वतः फोन कर. माझ्या सांगण्याने त्या ऐकायच्या नाहीत, ऑर्डर दादांची होती. सांग की आई उठेल तेव्हा जवळ उभ्या राहा, हात लावू नका, मागितला तरच द्या. आणि ओट्यापाशी पाट असतो तो उचलून ठेवू नका.

मैथिलीला आशीर्वाद.

तुझी
आई

ता. क. गणपतीत येशील तेव्हा ड्रिल घेऊन ये. बाथरूममध्ये दोन हँडल लावायची आहेत, एक कमोडच्या बाजूला आडवं, एक नळापाशी उभं. रबरी चकतीवर चिकटणारी मागवू नकोस, ती टॉवेलाचं वजन पेलतील, माझं नाही. भिंत साडेचार इंची विटांची आहे आणि तिच्यातून गरम पाण्याचा पाइप गेलाय. ड्रॉइंग काढून फोटो पाठवलाय, पाइप लाल रेघेने दाखवलाय. भोक पाडायच्या आधी तेवढं बघ.